पेटी तपासणाऱ्या बाई

"मियाँ उम्रभर चूहों को पढ़ाते रहे, बेगम बच्चों को पढ़ा रही हैं. तरीका वही, बस पिंजरा बड़ा है."

तिवारी सर हे म्हणाले आणि स्टाफरूममध्ये हशा पिकला. मी कोपऱ्यात वह्यांच्या गठ्ठ्यामागे बसले होते. मी तिथे आहे हे कोणाच्या लक्षात नव्हतं, आणि ते मला नेहमीच सोयीचं असायचं. जानेवारीचे दिवस होते. खिडकीच्या काचांवर धुकं चिकटलेलं, सगळ्यांच्या खुर्च्या हीटरभोवती. दाराकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

दारात पाटणकर बाई उभ्या होत्या. अंगात एकावर एक दोन स्वेटर, वरून शाल, काखेत विणकामाची पिशवी.

"चूहे भले थे, तिवारीजी," त्या म्हणाल्या. "जो कहना हो, मुँह पर चीं-चीं कर लेते थे."

पुन्हा हशा झाला. तिवारी सरही हसले, पण उठून त्यांनी बाईंना हीटरजवळची आपली खुर्ची दिली. बाई बसल्या, पिशवीतून लोकर आणि सुया काढल्या. मात्र विणायला सुरुवात केली नाही. सुया नुसत्याच मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी बाईंना ताप होता, म्हणून त्यांच्या सहावी सीच्या वर्गावर तिवारी सर गेले. त्यांनी प्रश्न विचारला. वर्ग गप्प. दुसरा विचारला. वर्ग गप्प. मुलं ताठ बसलेली, डोळे सरांच्या हाताकडे लावलेले, उत्तर ओठांवर असल्यासारखी, पण एकानेही तोंड उघडलं नाही. ती बाईंच्या चुटकीची वाट पाहत होती; चुटकी वाजली की मगच बोलायचं, ही त्यांची सवय. पूर्ण तास तसाच गेला. ही गोष्ट आमच्या प्रिन्सिपल माथुर मॅडमच्या कानावर जायला वेळ लागला नाही. बाई मार्चमध्ये रिटायर होणार होत्या, आणि त्यांच्यानंतर सी सेक्शन मोडून मुलं ए आणि बीमध्ये वाटून टाकावीत असं मॅडमच्या मनात होतंच. आता त्यांना कारण मिळालं. ती मुलं आधी ए आणि बीमध्येच होती. तिथे बुडाली म्हणून तर सी सेक्शन काढलं होतं. परत तिथे जाणं म्हणजे काय, हे त्या मुलांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

इंदिरा नगरमधल्या त्या शाळेत मी त्या जुलैत लागले होते. माझे बाबा बँकेत. त्यांच्या बदलीमुळे मी लहानपणीच पुण्याहून लखनऊला आले, आणि इथल्या इंग्रजी शाळेत वाढले. घरात मराठी ऐकायचं आणि हिंदीत उत्तर द्यायचं, ही माझी सवय. खरं तर उत्तर न देणं ही जास्त जुनी सवय. बी.एड. झालं, मार्क चांगले पडले, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा आवाज घशातच राहायचा. नोकरी कच्ची होती. मला बाईंची मदतनीस म्हणून सी सेक्शनला दिलं, कारण तिथे कोणाचं फार बिघडणार नाही, असा सगळ्यांचा हिशेब असावा.

बाई मूळच्या साताऱ्याकडच्या. लग्न होऊन लखनऊला आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांचं मराठी साताऱ्याचं ठसठशीत, पण मधेमधे लखनऊ डोकवायचं. "अगं यार पोरी, सब्जी आणायची राहिली की!" असं एखादं वाक्य त्या सहज बोलून जात. रिक्षावाल्या भैयाशी भाव करतानाही त्या "आप" म्हणायच्या, आणि नवऱ्याला "अहो" म्हणताना मात्र आवाज असा लावायच्या की पाटणकर काका जागच्या जागी उभे राहत.

काका इथल्या एका औषधांच्या संशोधन संस्थेत होते. तिवारी सर ज्या उंदरांबद्दल बोलत ते खरंच होते. स्मरणशक्तीवर औषधाचा परिणाम बघायचा तर आधी उंदराला काहीतरी शिकवावं लागतं. छोट्या पेटीत उंदीर सोडायचा, दांडा दाबला की दाणा पडायचा. लग्न नवं होतं तेव्हा बाई काकांचा डबा घेऊन संस्थेत जायच्या, आणि काका जेवेपर्यंत पेट्यांसमोर उभ्या राहून बघायच्या. उंदीर आधी नुसता दांड्याकडे वळला तरी दाणा. मग जवळ गेला तर दाणा. मग पाय लावला तर. मग दाबला तरच.

"आणि एखादा उंदीर शिकलाच नाही ना," बाई मला सांगत होत्या, "तर हे त्याच्यावर ओरडायचे नाहीत. ढ आहे, घरचं वातावरण नाही, बाप लक्ष देत नाही, असलं काही नाही. हे गप्पपणे उठायचे आणि पेटी तपासायचे. दांडा घट्ट झालाय का? दाणा उशिरा पडतोय का? उंदीर कधी नापास व्हायचा नाही बघ. नापास व्हायची ती पेटी."

तेव्हापासून "पेटी तपास" हे त्यांचं पालुपद झालं. मुलाला कळलं नाही, पेटी तपास. अर्धा वर्ग पेंगतोय, पेटी तपास. घरी कुकरची शिट्टी होत नाही, तरी तेच.

त्यांचा वर्ग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला धक्काच बसला होता. बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की मुलांना विचार करू द्या, स्वतः शोधू द्या. इथे बाई फळ्यावर तीन अक्षरं लिहीत, स्वतः वाचून दाखवत, मग मुलांबरोबर वाचत, मग हात वर धरत. सगळा वर्ग श्वास रोखून. आणि चुटकी! सगळ्यांचा एकच आवाज: "शिप!" पुन्हा चुटकी: "शॉप!" पुन्हा: "फिश!" पहले मैं, फिर हम, फिर तुम. इतक्या वेगात की डासालाही मधे बसायला जागा नसावी. मला वाटलं, ही कवायत आहे.

मग लक्षात आलं की बाई त्या आवाजात काहीतरी ऐकत असतात. सगळे एकदम बोलले की कोण चुकलं ते मला कळायचं नाही. त्यांना कळायचं. शेजाऱ्याचं ऐकून बोलणारं मूल किंचित मागे राहतं, अगदी निमिषभर. "मागून आलेला आवाज उधारीचा असतो," त्या म्हणायच्या. पण त्या मुलाचं नाव घ्यायच्या नाहीत. चूक म्हणायच्या नाहीत. तो शब्द स्वतः परत म्हणायच्या, सगळ्यांकडून म्हणवून घ्यायच्या, पुढे जायच्या, आणि थोड्या वेळाने फिरून त्याच शब्दावर येऊन त्याच मुलाला एकट्याला विचारायच्या. तोवर त्याला येत असायचं. त्याला वाटायचं, आपल्याला आधीपासूनच येत होतं.

"व्हेरी गुड" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. त्या जे झालं तेच सांगायच्या. "सलीम ने आख़िरी अक्षर नहीं छोड़ा." "पूजा रुकी, सोचा, फिर बोली." मुलं ते ऐकून अशी फुलायची की व्हेरी गुडला कोण विचारतं. मी एकदा स्टाफरूममध्ये त्यांना चहा करून दिला. घोट घेऊन म्हणाल्या, "आलं ठेचून घातलंस, किसून नाही." आणि सुया हातात घेतल्या. मी त्यानंतर आयुष्यात आलं किसलेलं नाही.

काका एकदा माझ्या बाबांना म्हणाले होते, "मला ओला टॉवेल पलंगावर टाकायची सवय होती. आता मी दोरीवर टाकतो. कधीपासून आणि कसा, मला आठवत नाही. उंदरांना नंतर काय वाटत असेल ते मला आता कळतं."

बाईंना सगळंच शिकवता यायचं असं मात्र नाही. कवितेचा तास त्या घ्यायच्या नाहीत. "ते मला चुटकीत बसवता येत नाही," असं स्वच्छ सांगून पुस्तक माझ्या हातात द्यायच्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन मुलांसारख्या हनुवटीवर हात ठेवून ऐकायच्या.

माझा पहिला तास वाईट झाला. मी मुलांना समजावून सांगत होते, की इंग्रजीत दोन अक्षरं मिळून एक वेगळा आवाज कसा होतो. माझं इंग्रजी छान होतं. आवाज बारीक होता. पहिल्या बाकापलीकडे तो पोहोचत नव्हता. तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "तू काय सुरेख बोलतेस गं! त्यामुळेच त्यांना काही कळलं नाही." मग म्हणाल्या, "इतकं समजावू नकोस. दाखव. असं असतं ते दाखव, आणि असं नसतं तेही दाखव. मधलं ते स्वतःच जोडतात."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या तासाला त्या पहिल्या बाकावर येऊन बसायला लागल्या, विणकाम घेऊन. मला वाटलं, वेळ घालवायला. सुयांची किट्-किट् चालू असायची. मी चुटकी वाजवायचा प्रयत्न करायची, माझी वाजायचीच नाही, म्हणून मी पेन्सिल टेबलावर आपटायची. मी बोलायला लागले की मधेच सुया थांबायच्या. बाई मान वर करून माझ्याकडे बघायच्या, अगदी लक्ष देऊन, जणू मी फार महत्त्वाचं काही सांगतेय. मग पुन्हा किट्-किट्. काही दिवसांनी त्या मधल्या बाकावर गेल्या. "इथे ऊन येतं," म्हणाल्या. मग शेवटच्या. मग एक दिवस खुर्ची घेऊन व्हरांड्यात, दाराबाहेर. तिथे तर सावली होती आणि वारा होता, पण मी काही विचारलं नाही. मी विचारणाऱ्यांतली नव्हते. दिवाळीपर्यंत माझा आवाज व्हरांड्यात ऐकू जात होता, आणि ते का झालं हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याच वर्षी गणपतीत आमच्या मंडळात एक गंमत झाली होती. इथल्या मराठी लोकांचा गणपती म्हणजे बँकवाले, कारखान्यातले इंजिनिअर, संस्थांमधले शास्त्रज्ञ. आरतीची पुढची कडवी फार थोड्यांना पाठ. बाकीचे नुसते ओठ हलवायचे आणि शेवटच्या अक्षराला जोरात सामील व्हायचे. दुसऱ्या दिवशी बाई पुढे उभ्या राहिल्या. कडवं सुरू व्हायच्या आधी त्यांचा हात वर गेला, आणि चुटकी वाजली. कशी कोण जाणे, सगळी मंडळी एका सुरात उठली. तिसऱ्या कडव्याला बाईंनी हात थांबवला आणि माझ्या बाबांच्या मॅनेजरसाहेबांकडे प्रेमाने बघून म्हणाल्या, "साहेब, पुन्हा घेऊ या हं, सगळेच." साहेबांचा आवाज उधारीचा होता. विसर्जनापर्यंत त्यांनी आरती पाठ केली. घरी येऊन बाबा इतके हसले, की आईने त्यांना पाणी दिलं.

हे सगळं मी सांगतेय, कारण त्या जानेवारीच्या दिवशी, सुया मांडीवर ठेवून बसलेल्या बाई काय विचार करत होत्या ते कळायला हवं. तिवारी सरांवर त्या रागावल्या नव्हत्या. मुलांवर तर नाहीच. मधल्या सुट्टीनंतर आम्ही दोघी वर्गाकडे चाललो होतो तेव्हा त्या एकदम थांबल्या.

"पेटी माझीच बिघडलीय," त्या म्हणाल्या.

मी हिंदीत म्हटलं, "बच्चों को आता तो था, बाई. बस चुटकी नहीं बजी."

"तेच तर. चुटकी वाजली तरच येतं, म्हणजे येत नाही. मी समोर असतानाच जे येतं, ते अजून आलेलं नाही, पोरी. मी चुटकी शिकवली. काढून घ्यायला विसरले." त्यांचा चेहरा उतरला होता. "आणि मार्चमध्ये मी चालले. बघ माझी अक्कल."

त्या आठवड्यात आम्ही लोकर आणायला अमीनाबादच्या बाजारात गेलो. गर्दीतून रिक्षा पुढे जाईना, म्हणून उतरून चाललो. ज्या दुकानातून बाई लोकर घेत, ते आमच्या वर्गातल्या नुसरतच्या अब्बांचं होतं. नुसरत दुकानातच होती, लोकरीचे गुंडे रंगांप्रमाणे लावत. आम्हाला बघून ती उभी राहिली. तिच्या अब्बांनी चहा मागवला.

"मैडम, एक बात बताऊँ?" ते म्हणाले. "पिछले साल इसको पूरी किताब ज़बानी याद थी. मैं लोगों को बुला-बुलाकर सुनवाता था. एक दिन मैंने बीच का पन्ना खोल दिया, तो एक लफ़्ज़ न पढ़ पाई. मैं तो समझो ज़मीन में गड़ गया."

नुसरत खाली मान घालून हसली. बाईंनी गल्लीत बाहेर बघितलं. समोरच्या दुकानावर नवा कापडी फलक बांधला होता, लाल इंग्रजी अक्षरांत. बाईंनी तिकडे बोट केलं. सवयीने त्यांचा हात वर गेला, चुटकीसाठी. आणि मी बघितलं, त्यांनी तो मधेच खाली घेतला. पदराआड लपवला. नुसत्या उभ्या राहिल्या.

नुसरत थांबली. हाताची वाट बघत राहिली. हात आला नाही. गल्लीतून हातगाडी गेली, कोणीतरी ओरडलं. मग ती हळूच म्हणाली, "ग्र... ग्रँड." श्वास घेतला. "ग्रँड स्टॉक."

हे शब्द आम्ही तिला कधी शिकवले नव्हते. तिच्या पुस्तकात ते नव्हते. मला तिवारी सरांचा पिंजरा आठवला.

"अगला वाला?" अब्बा पुढे झुकले.

पुढचा शब्द लांब आणि वाकडा होता. नुसरतने प्रयत्न केला आणि अडकली.

"वो अभी नहीं सिखाया," बाई म्हणाल्या. "वो सातवीं में आएगा."

"सातवीं में तो आप नहीं होंगी," नुसरत म्हणाली. तक्रार नव्हती. तिने नुसतं सांगितलं. "हम लोग फिर ए सेक्शन में जाएँगे. वहाँ पीछे बैठते हैं."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लोकरीचा भाव विचारला. परतीच्या रिक्षात बाई लोकरीचा गुंडा हातात फिरवत बसल्या. मी मनात एक वाक्य जुळवत होते, आणि ते मला घशापर्यंतही आणता येईना.

सोमवारपासून चुटकी लहान व्हायला लागली. आधी आवाज बारीक केला. मग नुसतं बोट हललं. मग बोटही नाही, फक्त बाईंचा श्वास. मुलं गोंधळली. दोन दिवस नुसता कालवा. बाई शांतपणे एक पाऊल मागे जायच्या, बोट दाखवायच्या, पुन्हा काढून घ्यायच्या. "आज किसी ने मेरा हाथ नहीं देखा, फळा देखा," असं काहीतरी म्हणायच्या. "फळा" हा मराठी शब्द त्यांच्या हिंदीत कायमचा राहिला होता, आणि मुलांनाही तो हिंदीच वाटायचा. मग एकेकाला विचारायला लागल्या. मग मुलांनी एकमेकांना. फेब्रुवारी संपता संपता त्या वर्गात बाई खिडकीशी उभ्या असायच्या आणि मुलं आपापली वाचायची. चुकली तर स्वतःच परत मागे जायची.

मी व्हरांड्यातून हे बघत होते आणि एक दिवस माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी बाईंकडे गेले.

"बाई, वो सलाइयाँ. मेरे पीरियड में जो रुकती थीं..."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुझा आवाज पोचला की मी थांबायची," त्या म्हणाल्या. "नाही पोचला की विणायची. किती उशिरा कळलं गं तुला. उंदराला आठवड्यात कळतं."

मला राग यायला हवा होता. मी एवढी शिकलेली, आणि मला कोणी दाणे टाकून बोलायला शिकवलं होतं. पण मला हसू आलं. मी मोठ्याने हसले, व्हरांड्यात, आणि पलीकडच्या वर्गातली मुलं वळून बघायला लागली.

त्यानंतर बाईंनी मुद्दाम रजा घेतली. जाण्याआधी माथुर मॅडमकडे जाऊन सांगून आल्या, "मेरी क्लास में तिवारीजी को ही भेजिए." तिवारी सर नाखुशीने गेले. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये आले, हातावरचा खडू झटकत बसले. मग कोणालाही उद्देशून नाही, असं म्हणाले, "आज तो बोले. एक लड़की ने उल्टा मुझसे सवाल पूछ लिया. जवाब मुझे देखकर बताना पड़ेगा." आणि उठून डिक्शनरी शोधायला गेले.

म्हणजे पेटी दुरुस्त झाली होती. पण सी सेक्शन वाचलं नव्हतं. ते घ्यायला कोणी तयार नव्हतं. एवढी मेहनत, एवढं बारीक बारीक शिकवणं, आणि वर लोकांची थट्टा. ज्याला त्याला आपला वर्ग बरा होता.

रिटायर होऊन बाई आणि काका लखनऊ सोडून गेले तेव्हा मी चारबाग स्टेशनवर गेले होते. पण तिथलं मला फार थोडं आठवतं. कुलीशी बोलणारी त्यांची पाठ, काकांच्या हातातला रेडिओ, गर्दी. डोळ्यांपुढे येतात त्या बाई तिथल्या नाहीत. त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या आहेत, परीक्षांनंतरच्या मीटिंगमधल्या.

लांब टेबल होतं. एका टोकाला माथुर मॅडम. दुसऱ्या टोकाला बाई, खिडकीशी, मांडीवर जवळजवळ पुरा झालेला स्वेटर, नातवासाठी. थंडी सरली होती, त्यांच्या अंगात आता एकही स्वेटर नव्हता, पांढऱ्या सुती साडीत त्या एकदम लहानखुऱ्या दिसत होत्या. सुया चालू होत्या. मॅडमनी एकेक वर्ग वाटून दिला. शेवटी म्हणाल्या, "तो सी सेक्शन बंद ही समझें? कोई लेना चाहेगा?"

सगळे आपापल्या कागदांकडे बघायला लागले.

मी बोलले. ओठ हलले, एवढं मला नक्की माहीत आहे. मॅडमना ऐकू गेलं नाही. त्या पेनचं टोपण लावायला लागल्या. माझ्या शेजारी तिवारी सर होते. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि हात वर केला. "मैडम, एक मिनट. ये कुछ कह रही हैं."

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. बाईंनी मान वर केली नाही. सुया थांबल्या नाहीत. किट्-किट्, एक सरळ, एक उलट, अगदी एका लयीत. मी वाट पाहिली. मला पक्कं माहीत होतं की मी इथे आहे, मी बोलणार आहे, हे त्यांना ठाऊक आहे. तरी सुया चालूच. टाका संपला, दुसरा सुरू झाला. आणि मला आठवला, अमीनाबादच्या गल्लीत पदराआड गेलेला त्यांचा हात.

मी उभी राहिले. जे वाक्य लोकरीच्या दुकानातून निघाल्यापासून मी मनात धरून ठेवलं होतं, ते मी बाहेर व्हरांड्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं.

"मैम, इन बच्चों को मैं पढ़ाऊँगी."